मुलींच्या आर्थिक संधींसाठी अनुदान: नव्या संस्थांसाठी प्रस्तावापासून अहवालापर्यंत

मुलींना एखादे कौशल्य शिकवणे, त्यांच्या नावावर बचत उभी करणे, पहिली नोकरी किंवा पहिला छोटा व्यवसाय मिळेपर्यंत त्यांच्या पाठीशी उभे राहणे, अशा कामासाठी पहिल्यांदाच अनुदान मागायला निघालेल्या संस्थांसाठी हा लेख आहे. गरज उघड दिसते, कार्यकर्त्या मेहनती असतात आणि तरीही प्रस्ताव नाकारला जातो, हा अनुभव नव्या संस्थांना वारंवार येतो. माझ्या मते त्याचे सर्वांत मोठे कारण हे असते की प्रस्तावात प्रशिक्षणाची माहिती भरपूर असते आणि मुलीची फार थोडी. ती दिवसातून किती वेळ मोकळी असते, घराबाहेर पडायला तिला कोणाची परवानगी लागते आणि तिने कमावलेला पैसा शेवटी कोणाच्या हातात जातो, या तीन प्रश्नांची उत्तरे ज्या प्रस्तावात सापडत नाहीत, त्यात यंत्रांची आणि अभ्यासक्रमांची यादी कितीही लांब असली तरी अनुभवी वाचकाचे समाधान होत नाही. म्हणून पुढील सर्व पायऱ्या याच तीन प्रश्नांना धरून मांडल्या आहेत.

पहिली पायरी: कोणत्या मुली, हे नेमके ठरवणे

‘किशोरवयीन मुलींसाठी’ एवढे लिहून भागत नाही. अकरा वर्षांची शाळेत जाणारी मुलगी, पंधराव्या वर्षी शाळा सुटलेली मुलगी आणि अठराव्या वर्षी आई झालेली मुलगी यांच्या गरजा, मोकळा वेळ आणि धोके पूर्णपणे वेगळे असतात. शिवाय येथे कायद्याचाही प्रश्न येतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९७३ च्या १३८ व्या करारानुसार कामावर घेण्याचे किमान वय सर्वसाधारणपणे १५ आहे, विकसनशील देशांना सुरुवातीला ते १४ ठेवण्याची मुभा आहे आणि धोकादायक कामासाठी ते १८ आहे. बालमजुरीच्या अतिशय वाईट प्रकारांविरुद्धचा १९९९ चा १८२ वा करार तर २०२० मध्ये संघटनेच्या सर्व सदस्य देशांनी मान्य केला. त्यामुळे दहा ते चौदा वर्षांच्या मुलींसाठीच्या प्रस्तावात ‘उत्पन्न’ हे उद्दिष्ट लिहिले, तर बालमजुरीची शंका घेऊन तो तिथेच बाजूला ठेवला जाऊ शकतो. या वयासाठी शाळेत टिकणे, पैशाचे व्यवहार समजणे, बचतीची सवय लागणे आणि विश्वासाच्या मैत्रिणी व मार्गदर्शक ताई मिळणे ही योग्य उद्दिष्टे आहेत. कमाईचा विषय त्यापुढच्या वयोगटासाठी ठेवावा आणि तोही आपल्या देशाचा कायदा तपासून.

गट ठरला की घरोघर जाऊन यादी करावी. जाहिरात करून किंवा शाळेत निरोप देऊन मुली बोलावल्या, तर ज्यांना घरून आधीच मोकळीक आहे त्याच येतात आणि घरकामात अडकलेली, लग्न होऊन आलेली किंवा दुसऱ्यांच्या घरी राबणारी मुलगी यादीत येतच नाही. प्रत्येक घरी वय, शिक्षण, कोणासोबत राहते, लग्न व मूल, आणि सध्याचे काम एवढेच विचारले तरी पुरते. त्यानंतर दहा-पंधरा मुलींसोबत बसून त्यांच्या दिवसाचे चोवीस तास कागदावर मांडावेत: उठण्यापासून झोपेपर्यंत कोणत्या तासाला त्या कुठे असतात आणि काय करतात. या एका कागदावरून वर्ग कोणत्या वेळी घ्यावा, किती वेळाचा असावा आणि कुठे असावा हे कळते. पाणी भरण्याच्या किंवा धाकट्या भावंडाला सांभाळण्याच्या वेळेत ठेवलेला वर्ग कितीही चांगला असला तरी ओस पडतो, आणि मग अहवालात ‘मुलींमध्ये उत्साह कमी होता’ असे लिहिले जाते, जे त्या मुलींवर अन्याय करणारे आहे.

दुसरी पायरी: कामाची आखणी आणि तिच्यामागचा पुरावा

निधीदात्याला केवळ तुमची कळकळ पुरत नाही. अशा प्रकारच्या कामाने पूर्वी काय साधले, हे तुम्हाला ठाऊक आहे का, हे तो पाहतो. या क्षेत्रात आता बराच अभ्यास झालेला आहे आणि त्यातील काही निष्कर्ष प्रत्येक नव्या संस्थेने समजून घ्यावेत असे आहेत.

युगांडात ब्रॅक या संस्थेने मुलींचे क्लब चालवले. तिथे शाळेच्या वेळेबाहेर गावातीलच एक तरुण मार्गदर्शक व्यवसायकौशल्ये आणि जीवनकौशल्ये दोन्ही शिकवत असे. चार वर्षांनी पाहिले तेव्हा क्लब असलेल्या गावांतील मुलींचे उत्पन्न देणाऱ्या कामातील प्रमाण ४.९ टक्केबिंदूंनी, म्हणजे दर शंभर मुलींमागे सुमारे पाच जणींनी, अधिक होते, जी सुरुवातीच्या पातळीच्या मानाने सुमारे ४८ टक्के वाढ होती, आणि ती जवळजवळ सर्व स्वयंरोजगारातून आलेली होती. अल्पवयातील गर्भधारणा सुमारे एक तृतीयांशाने घटली होती. पण याच नमुन्याचे काम टांझानियात झाले तेव्हा असे ठळक परिणाम दिसले नाहीत आणि तिथे साधनसामग्री व अंमलबजावणी अपुरी पडल्याचे आढळले. हे दोन्ही निष्कर्ष एकत्र वाचावेत. यशस्वी नमुना जसाच्या तसा उचलला तरी जागा, साहित्य आणि मार्गदर्शकाचे प्रशिक्षण यांवरचा खर्च कापला की त्याचा जीव जातो, हे अंदाजपत्रक लिहिताना फार उपयोगी पडते.

लायबेरियात जागतिक बँकेच्या साहाय्याने चाललेल्या कार्यक्रमात तरुण मुलींना सहा महिने वर्गातील प्रशिक्षण आणि त्यानंतर सहा महिने नोकरी किंवा व्यवसायात स्थिर होण्यासाठी साहाय्य देण्यात आले. तेथे मुलांना सांभाळण्याची मोफत सोय होती आणि प्रशिक्षण देणाऱ्या संस्थांच्या मोबदल्याचा काही भाग मुलींना प्रत्यक्ष काम मिळण्याशी जोडलेला होता. रोजगारात ४७ टक्के आणि कमाईत ८० टक्के वाढ नोंदली गेली. नोकरीसाठीच्या प्रशिक्षणापेक्षा व्यवसायासाठीच्या प्रशिक्षणाचा परिणाम मोठा होता. या उदाहरणातील पाळणाघर आणि नंतरचे सहा महिने हे दोन भाग नव्या संस्था सर्वांत आधी वगळतात, आणि नेमके तेच तुम्ही वगळू नयेत असे मी आग्रहाने सांगेन.

तिसरा निष्कर्ष सावध करणारा आहे. युगांडाची राजधानी कंपालामध्ये काही मुलींना फक्त बचत खाते मिळाले आणि काहींना बचतीसोबत सुरक्षित जागेतील गट, आरोग्याची माहिती व मार्गदर्शक ताई मिळाली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे दिसले की ज्यांना केवळ बचत खाते मिळाले, त्या मुलींवरील लैंगिक छळाचे प्रमाण वाढले. मुलीच्या हाती पैसा आला आणि तिच्या मागे कोणी नसले, तर तो पैसाच तिला धोक्यात आणू शकतो. म्हणून तुमच्या आखणीत पैसा, कौशल्य आणि सोबत या तिन्ही गोष्टी एकमेकांत गुंफलेल्या असाव्यात, आणि त्या तशा का आहेत हे प्रस्तावात स्पष्टपणे लिहावे.

कौशल्य निवडण्यापूर्वी बाजाराची पाहणी करणे हेही याच पायरीत येते. आसपासचे मालक, दुकानदार, कारखाने आणि ग्राहक यांच्याशी बोलून कोणत्या कामाला मागणी आहे, सुरुवातीला किती पैसे मिळतात, कामाची वेळ कोणती आणि मुलींना तिथे सुरक्षितता किती, हे नोंदवावे. मुलींसाठी परंपरेने ठरून गेलेल्या दोन-तीन कौशल्यांवरच सगळ्या संस्था तुटून पडतात, मग एकाच वस्तीत तेच काम करणाऱ्या चाळीस मुली तयार होतात आणि कोणालाच पुरेसे काम मिळत नाही.

तिसरी पायरी: योग्य निधीदाता शोधणे

निधीदाते साधारणपणे चार प्रकारचे असतात. सरकारी आणि आंतरराष्ट्रीय संस्था मोठी रक्कम देतात, पण त्यांचे नियम कडक असतात आणि नव्या संस्थेला थेट अनुदान मिळणे अवघड असते. तिथे एखाद्या अनुभवी संस्थेची भागीदार म्हणून सहभागी होणे हा अधिक शक्य मार्ग आहे. खासगी प्रतिष्ठाने विषय आणि भूभाग ठरवून देतात. कंपन्यांचे सामाजिक निधी बहुधा वर्षभराच्या मुदतीचे असतात आणि लवकर दिसणारे परिणाम मागतात. चौथा प्रकार महिला निधींचा. १९८३ मध्ये ॲमस्टरडॅममध्ये सुरू झालेला मामा कॅश आणि १९८७ मध्ये सुरू झालेला ग्लोबल फंड फॉर विमेन यांसारखे निधी लहान, स्त्रियांनी व मुलींनी स्वतः चालवलेल्या गटांना ओळखतात आणि अनेकदा संस्थेच्या एकूण कामासाठी, म्हणजे एखाद्या ठरावीक उपक्रमात न बांधलेले, अनुदान देतात. २०१० मध्ये स्थापन झालेल्या फ्रिडा या निधीने तर अर्ज करणाऱ्या तरुण गटांनीच एकमेकांच्या प्रस्तावांवर मत देण्याची पद्धत रुजवली. नव्या संस्थेने सुरुवात या चौथ्या प्रकारापासून करावी असे मला वाटते, कारण तिथे संस्थेच्या वयापेक्षा मुलींशी असलेल्या नात्याला अधिक महत्त्व दिले जाते.

सरकारी मदतीच्या व्यवहारात एक खूणपद्धती प्रचलित आहे, तीही माहीत असावी. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेचे देणगीदार देश आपल्या प्रत्येक प्रकल्पाला लिंगसमानतेच्या दृष्टीने शून्य, एक किंवा दोन अशी खूण देतात. समानता हे प्रकल्पाचे मुख्य उद्दिष्ट असेल तर दोन, महत्त्वाचे पण दुय्यम असेल तर एक, आणि त्या दृष्टीने लक्ष्यच नसेल तर शून्य. मुलींची आर्थिक संधी हाच तुमचा गाभा असेल, तर ते मुख्य उद्दिष्ट असल्याचे पहिल्याच परिच्छेदात लिहिल्याने वाचणाऱ्या अधिकाऱ्याचे काम सोपे होते.

एकाच निधीदात्यावर संस्था उभी करू नये. अमेरिकेची यूएसएड ही विकास संस्था १ जुलै २०२५ रोजी बंद झाली, तेव्हा तिच्या पैशावर चालणारे असंख्य कार्यक्रम मध्येच थांबले. वर्ग अर्धवट सुटलेल्या मुलीला निधीदात्याचे धोरण समजावून सांगता येत नाही. तिच्या लेखी शब्द तुमच्या संस्थेने दिलेला असतो.

एखाद्या निधीदात्याचे प्रस्ताव मागवणारे आवाहन हाती आले की ते दोनदा वाचावे आणि पाच गोष्टी वेगळ्या काढाव्यात: पात्रता, भूभाग, रकमेची मर्यादा, मुदत आणि कोणत्या खर्चाला परवानगी नाही. पात्रतेत बसत नसाल तर अर्ज करू नका, नियम आपल्यासाठी वाकवला जाईल या आशेवर तर मुळीच नाही. रकमेबाबतही भान ठेवावे. ज्या संस्थेचा वर्षाचा खर्च दोन लाख आहे तिने वीस लाख मागितले, तर ती एवढा पैसा कसा सांभाळणार असा रास्त प्रश्न उभा राहतो.

चौथी पायरी: कागदपत्रे

संस्थेची नोंदणी, घटना, विश्वस्त किंवा कार्यकारी मंडळाची यादी, संस्थेच्या नावाचे बँक खाते, मागील वर्षांचे लेखापरीक्षण झालेले हिशेब, आर्थिक व्यवहारांचे नियम आणि बालसुरक्षा धोरण हे सर्व एका जागी तयार ठेवावे. परदेशातून पैसा स्वीकारण्याबाबत अनेक देशांत स्वतंत्र कायदे आहेत आणि परवानगीला वेळ लागतो, म्हणून त्याची चौकशी आवाहन येण्याची वाट न पाहता करावी. नोंदणी नसलेल्या गटाला एखादी नोंदणीकृत संस्था आपल्या नावाने पैसा स्वीकारून हिशेब ठेवण्याचे काम करू शकते, पण कायदा त्याला परवानगी देतो का हे पाहावे आणि दोघांमधील जबाबदाऱ्या व शुल्क यांचा लेखी करार आधी व्हावा.

बालसुरक्षा धोरण हे फाइलीत लावण्याचे कागद नाहीत. मुलीने तक्रार कोणाकडे करावी, ती तक्रार कार्यकर्त्याविरुद्ध असेल तर काय, कामाच्या जागेवर मालकाने त्रास दिल्यास तिला तेथून कोण काढून आणणार, तिचे छायाचित्र कोणाच्या संमतीने वापरले जाणार, हे त्यात नावानिशी आणि पदानिशी लिहिलेले असावे. अठरा वर्षांखालील मुलीसाठी पालकांची संमती तर लागतेच, पण तिची स्वतःचीही वेगळी संमती घ्यावी.

पाचवी पायरी: लेखन

बहुतेक निधीदाते आधी दोन-तीन पानांचे संकल्पना टिपण मागतात आणि ते पसंत पडले तरच पूर्ण प्रस्ताव. टिपणात पाच गोष्टी पुरेशा आहेत: कोणत्या आणि किती मुली, त्यांची नेमकी अडचण, तुम्ही काय करणार, शेवटी काय बदललेले दिसेल आणि खर्च किती. संस्थेचा इतिहास चार ओळींत आटोपावा.

अडचण लिहिताना जागतिक आकडे कमी आणि स्वतःच्या यादीतील आकडे अधिक द्यावेत. ‘आमच्या यादीतील ३१२ मुलींपैकी १४० जणींची शाळा सुटली आहे आणि त्यांतील ९० जणी दिवसाचे सहा तास विनामोबदला घरकाम करतात’ या धर्तीचे वाक्य कोणत्याही मोठ्या अहवालातील उताऱ्यापेक्षा अधिक वजनदार ठरते, कारण तुम्ही त्या दारांपर्यंत गेला आहात हे त्यातून दिसते. मुलींचे वर्णन असहाय, बिचाऱ्या असे करू नये. त्या आजही कष्ट करतात, हिशेब करतात, घर चालवतात. त्या कष्टाला मोल आणि त्या मोलावर हक्क मिळावा, यासाठी आपण पैसा मागत आहोत.

पुढे कारण आणि परिणाम यांची साखळी लिहावी. वर्ग झाला म्हणून कौशल्य येईल, कौशल्य आले म्हणून काम मिळेल, काम मिळाले म्हणून पैसा हाती राहील, अशा प्रत्येक कडीवर थांबून ‘हे घडेलच असे आपण कशावरून धरतो?’ असे विचारावे. शेवटची कडी सर्वांत कच्ची असते. अनेक देशांत अठरा वर्षांखालील मुलीच्या खात्यावर पालकाची सही लागते, म्हणजे बचत तिच्या नावावर असूनही काढता येते ती दुसऱ्याला. व्यवसायासाठी दिलेले यंत्र कोणाच्या नावावर असेल आणि मुलगी लग्न करून किंवा अन्य कारणाने दुसरीकडे गेली तर ते तिच्याबरोबर जाईल का, हेही प्रस्तावातच ठरवून टाकावे. आई-वडील, भाऊ, पती यांच्याशी बोलण्याचे काम म्हणूनच उपक्रमांच्या यादीत स्वतंत्रपणे यावे.

सहावी पायरी: अंदाजपत्रक

अंदाजपत्रक हा प्रस्तावाचा सर्वांत प्रामाणिक भाग असतो. मजकुरात मुलींच्या सुरक्षिततेवर दोन पाने असतील आणि खर्चाच्या तक्त्यात त्यासाठी एकही ओळ नसेल, तर वाचणारा तक्त्यावर विश्वास ठेवतो. म्हणून प्रत्येक उपक्रमासमोर त्याचा खर्च आणि प्रत्येक खर्चासमोर त्याचा उपक्रम आहे ना, हे जुळवून पाहावे.

नवख्यांच्या तक्त्यातून हमखास सुटणारे खर्च असे: मुलींचा जाण्यायेण्याचा खर्च, वर्गादरम्यान त्यांच्या मुलांना सांभाळण्याची सोय, मार्गदर्शक तायांचे मानधन आणि त्यांचे स्वतःचे प्रशिक्षण, अपंग मुलींसाठीच्या सोयी, तक्रार आल्यास लागणारी वैद्यकीय किंवा कायदेशीर मदत, आणि प्रशिक्षणानंतरच्या महिन्यांतील भेटी. मार्गदर्शक ताईला ‘स्वयंसेविका’ म्हणून फुकट राबवून मुलींच्या आर्थिक सक्षमीकरणाचा कार्यक्रम चालवणे मला योग्य वाटत नाही, कारण ती स्वतःही बहुधा त्याच वस्तीतली, कमाईची तितकीच गरज असलेली तरुणी असते. मूल्यमापनासाठी एकूण खर्चाच्या ५ ते १० टक्के राखण्याची रीत आहे.

भाडे, वीज, हिशेबनीस, संचालकाचा वेळ हे अप्रत्यक्ष खर्च मागायला नव्या संस्था संकोचतात. तो संकोच सोडावा. युरोपीय संघ आपल्या सदस्य देशांबाहेरील कामासाठी देतो त्या अनुदानांत प्रत्यक्ष खर्चाच्या ७ टक्क्यांपर्यंत रक्कम यासाठी ठरीव दराने घेता येते. अमेरिकेच्या संघीय अनुदानांत स्वतःचा ठरलेला दर नसलेल्या संस्थेसाठीची मर्यादा ऑक्टोबर २०२४ पासून १० वरून १५ टक्के झाली. खासगी निधीदात्यांचे दर वेगवेगळे असतात. ते आवाहनात नसतील तर सरळ पत्र लिहून विचारावेत.

प्रत्येक मुलीमागचा खर्च किती, हा प्रश्न येईलच. एकूण रक्कम भागिले मुलींची संख्या एवढे उत्तर देऊन थांबू नये. दुर्गम वस्तीतील, आई झालेल्या किंवा अपंग मुलीपर्यंत पोहोचायला अधिक पैसा लागतो, हे सांगावे आणि तो का लागतो हे ओळीनिशी दाखवावे. खर्च कमी दाखवण्यासाठी सहज येणाऱ्या मुलींनी वर्ग भरला, तर पहिल्या पायरीवर केलेली सगळी यादी वाया जाते.

सातवी पायरी: मोजमाप

‘२०० मुलींना प्रशिक्षण दिले’ हे झालेले काम आहे, झालेला बदल नव्हे. बदल मोजायचा तर कामाच्या आरंभी पायाभूत पाहणी करावी, संपताना तीच पाहणी पुन्हा करावी आणि शक्यतो सहा महिन्यांनी तिसऱ्यांदा. निर्देशक मोजकेच ठेवावेत: मागील महिन्यात स्वतःची कमाई झाली का आणि किती, स्वतःची बचत आहे का, त्या पैशाचा वापर कोण ठरवतो, अडचणीत एखादी रात्र सुरक्षितपणे काढता येईल अशी जागा तिला आहे का, आणि कामाच्या जागी किंवा वाटेवर त्रास वाढला का. शेवटचा प्रश्न विचारायला संस्था कचरतात, पण कंपालाचा अनुभव पाहता तो टाळणे परवडणारे नाही. मात्र असे प्रश्न विचारण्यापूर्वी विचारणारीला प्रशिक्षण हवे आणि मुलीने काही सांगितलेच, तर तिला पुढे कुठे न्यायचे ते ठरलेले हवे.

अर्ज पाठवल्यानंतर

मुदतीच्या किमान दोन दिवस आधी अर्ज पाठवावा, कारण शेवटच्या तासात संकेतस्थळे मंदावतात. नकार आला तर आभार मानून त्रुटी कोणत्या होत्या हे विचारावे. सर्वच निधीदाते उत्तर देत नाहीत, पण जे देतात त्यांचे उत्तर पुढच्या प्रस्तावात थेट उपयोगी पडते.

मंजुरी आली तर आनंदाच्या भरात करारावर सही करू नये. पैसा किती हप्त्यांत येणार, दुसरा हप्ता कोणत्या अहवालानंतर मिळणार, अंदाजपत्रकातील एका खर्चाची रक्कम दुसऱ्या खर्चाकडे किती टक्क्यांपर्यंत विनापरवानगी वळवता येते आणि न वापरलेली रक्कम परत करायची का, हे वाचून घ्यावे. पहिला हप्ता उशिरा येण्याची शक्यता धरूनच मुलींना वर्गाची तारीख सांगावी. काम मागे पडत असल्याचे लक्षात आले, तर मुदत संपण्याच्या दोन-तीन महिने आधीच निधीदात्याला कळवावे आणि वाढीव पैसा न मागता मुदतवाढ मागावी. अशी मागणी वेळेवर आली तर ती बहुधा मान्य होते.

अहवालात जे जमले नाही तेही लिहावे, कोणत्या मुली मध्येच सुटल्या आणि का, हे तर नक्कीच. आणि निधीदात्याला पाठवलेल्या अहवालाचा सोप्या भाषेतील सारांश मुलींसमोर वाचून दाखवावा, त्यातल्या आकड्यांवर त्यांचे म्हणणे विचारावे आणि ते म्हणणे पुढच्या अर्जाच्या पहिल्या पानावर घ्यावे.